फिरतं देवघर

चार लायसन्सं घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीचं नागपूरच्या मोठ्या पोस्टात कुणाला नवल राहिलं नव्हतं. पण तिच्या मागे उभा असलेला तरुण जवळच्या कुही गावचा होता आणि त्याला ते नवल होतं. साल चौऱ्याहत्तर, महिना जानेवारी. तेव्हा घरात रेडिओ ठेवायचा तर सरकारी लायसन्स लागे आणि दरवर्षी त्या पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यावा लागे. रांगेत ज्याच्या-त्याच्या हातात एक पुस्तिका. या मुलीच्या हातात चार, आणि त्याही तिने पत्त्यांसारख्या पसरून धरलेल्या.

त्याने त्या एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि न राहवून विचारलं, “दुकान हाय का तुमचं?”

“नाही.”

“मग चार रेडिओ... एका घरात?”

“रेडिओ नाही. रेडिओग्राम,” ती मान न वळवता म्हणाली.

हे ती अशा सुरात म्हणे की समोरच्याने निमूट चूक कबूल करावी. तिचं नाव अरुंधती. रेडिओग्राम म्हणजे एकाच लाकडी कपाटात रेडिओ आणि ग्रामोफोन. खाली बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह आणि लाऊडस्पीकर, वरचं झाकण उचललं की रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी. नव्या जमान्याचे, बारीक पायांचे रेडिओग्राम शहरात पुष्कळ होते. त्यांच्याकडे ही ढुंकूनही बघत नसे. तिचा जीव होता त्यांच्या आजोबांवर, तीस-पस्तीस सालच्या, कमरेएवढ्या उंच, दोन माणसांनी उचलायच्या विलायती सेटांवर. तिचे वडील गणपतराव यांचं सीताबर्डीवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मुली भातुकली खेळतात त्या वयात ही व्हॉल्व्ह पुसत बसे. आता टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून तिने स्वतःच्या हिमतीवर चार सेट मिळवले होते. चारही चालते, चारही अख्खे. विदर्भात असा संग्रह दुसरा नाही असं गणपतराव म्हणत, आणि ती म्हणू देई.

तर कारकून चार शिक्के मारत होता, तेवढ्यात त्या तरुणाने आपली पुस्तिका काउंटरवर ठेवली. पिवळी पडलेली, अठ्ठेचाळीस सालची. अरुंधतीची नजर सहज त्यावर गेली आणि तिथेच खिळली. कंपनीचं नाव, मॉडेलचा नंबर... गेली सहा वर्षं ती हा नंबर शोधत होती. मुंबईच्या एका संग्राहकाने तिला लिहिलं होतं की मध्य प्रांतात हे मॉडेल कधी आलंच नाही.

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो तरुण मनातल्या मनात सुखावला. त्याला वाटलं, आपल्याकडे बघून झाल्या. बिचारा.

“हा तुमच्याकडे आहे?” तिने पहिल्यांदाच वळून त्याच्याकडे पाहिलं.

“हाय ना.”

“चालतो?”

तो घुटमळला. “नाही चालत.”

“काय बिघडलंय?”

“बिघडलं काहीच नाही...” तो अंगठ्याने कपाळ खाजवत म्हणाला, “त्यात देव हायत.”

पोस्टाच्या पायऱ्यांवर उन्हात उभं राहून त्याने सगळी हकीकत सांगितली. त्याचं नाव विश्वनाथ. शिकला बी.एस्सी.पर्यंत आणि मग परत जाऊन धानाची शेती बघू लागला. त्याचे आजोबा नत्थूजी सत्तेचाळीसच्या अखेरीस बैलजोडी घ्यायला नागपूरला आले होते. सिव्हिल लाइन्समधला एक साहेब विलायतेला निघाला होता, त्याच्या बंगल्यावर लिलाव चालला होता. नत्थूजी नुसते बघायला थांबले. कुणीतरी म्हणालं, पाटील, हे तुमच्या आवाक्यातलं नाही. झालं. बैलजोडी राहिली आणि नत्थूजी बैलबंडीत रेडिओग्राम घालून कुहीला परतले. सगळं गाव जमलं. मग कुणाच्यातरी लक्षात आलं की ही पेटी विजेवर चालते, आणि कुहीत वीज नाही.

“मग?” अरुंधतीला हसू दाबता येईना.

“मग काय. आजोबा हार मानाले तयार नाही. म्हनाले, वीज येईन तवा येईन, तंवर रिकामी ठेवायची नाही. वरतं झाकन, मधात गोल थाळी... देव बसवले. वीज आली पंधरा वर्षांनं. आता देवाले कोन उठवते?”

“आणि लायसन्स?”

“बाबूजी भरते दरसाल, यंदा मले धाडलं. म्हनते, पेटी बोलो का न बोलो, कायदा तो कायदा. सव्वीस वर्षं झाली. तुमी काहून हसून राहिल्या?”

अरुंधती खरोखरच हसत होती, खांद्यावरची पर्स घसरेपर्यंत. हसता-हसता तिने विचारलं की तो सेट बघायला येता येईल का. आणि विश्वनाथने, ज्याने त्या क्षणी तिने काहीही मागितलं असतं तरी हो म्हटलं असतं, हो म्हटलं.

त्याच रविवारी गणपतरावांना बरोबर घेऊन ती एसटीने कुहीला गेली. धान केव्हाच निघालं होतं, बांध्यांमध्ये, त्या रिकाम्या खाचरांत, लाखोळीचं कडधान्य निळं फुललं होतं. घरात विश्वनाथच्या आई जिजाबाई नुकत्याच पूजेला उभ्या राहत होत्या. त्यांनी पाहुण्यांना बसायला सांगितलं आणि आपलं काम सुरू केलं. सेट तिथे होता, खिडकीशेजारी. लाकडावर कुंकवाची बोटं, झाकण आतून धुराने काळं झालेलं, स्पीकरच्या जाळीवर तोरण. पण कडा एक उडालेली नव्हती, बटणं सगळी जागेवर. अरुंधतीने श्वास रोखून पाहिलं आणि मग तिला काही वेगळंच दिसलं.

जिजाबाईंचा उजवा खांदा आखडलेला होता. हात कोपरापासून हले, वर जात नसे. देवाला डावा हात लावायचा नाही, म्हणून त्या डाव्या हाताच्या एका बोटाने फक्त थाळी हळूच ढकलत, अन्नपूर्णा समोर येई. तिला उचलून ताम्हणात स्नान घालत, गंध लावत, जागेवर ठेवत. पुन्हा बोटभर ढकललं की बाळकृष्ण समोर. मग खंडोबाचा टाक, मग कुलदेवी. एकेक देव आपण होऊन पुढे येत होता. थाळीच्या मधल्या खिळ्यावर एक जास्वंद खोवलेलं होतं, ते गोल-गोल फिरत होतं.

गणपतराव दुकानदार माणूस. चहा झाल्यावर त्यांनी घसा खाकरून ‘त्याचं असं आहे...’ म्हणत विषयाला हात घातला. अरुंधतीने त्यांचा हात दाबला. ती जिजाबाईंना एवढंच म्हणाली, की देवांना न हलवता खालचे व्हॉल्व्ह साफ करू द्याल का. धुरातेलाने खराब होतात.

“कर ना बाई,” जिजाबाई म्हणाल्या. “पन हातपाय धुवून.”

परत निघताना विश्वनाथ स्टँडपर्यंत पोचवायला आला. तिने मागितलं कसं नाही, हे त्याला विचारायचंच होतं.

“सहा वर्षं शोधत होत्या म्हने तुमी.”

“मी लोकांच्या बैठकीतून सेट आणलेत, गोदामातून आणलेत, एकदा कोंबड्यांच्या खुराड्यातून आणलाय,” अरुंधती म्हणाली. “पण देवाच्या खालून पाट ओढायचा नसतो.”

बस सुटली तरी तो तिथेच उभा होता, असं गणपतरावांनी घरी आल्यावर कुसुमताईंना, म्हणजे अरुंधतीच्या आईला, सांगितलं. कुसुमताईंनी देवाला साखर ठेवली. त्यांचं दुःख निराळं होतं. प्रताप नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत पाहुण्यांना बसायला जागा उरली नव्हती. मागच्या वर्षी एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. मुलाने बोलता-बोलता चहाचा ओला कप रेडिओग्रामवर ठेवला. अरुंधतीने उठून सगळ्यांच्या देखत कप उचलला, पदराने लाकूड पुसलं आणि कप मुलाच्या हातात परत दिला. स्थळ मोडलं. कुसुमताई आठवडाभर बोलल्या नाहीत, अरुंधती मात्र ताठ मानेने ड्युटीवर जात होती.

मग रविवारमागून रविवार. कधी ती कुहीला जाई, ब्रश आणि स्पिरिट घेऊन. कधी तोच नागपूरला येई, कारण मध्येच फ्यूज आणायचा असे. एवढे फ्यूज त्या घरात कशाला लागत होते देव जाणे. प्रताप नगरात तो आला की अरुंधती त्याला एकेक सेट दाखवी. पहिला सेट तिने पहिल्या पगारातून घेतला होता. त्याची थाळी ओतीव, जड, वर हिरवी मखमल, कडेला विस्तवाची ठिणगी पडून झालेला नखाएवढा डाग.

“हिच्यासारखी थाळी आता कुणी बनवत नाही,” तिने बोटाने ती फिरवली. थाळी निःशब्द फिरत राहिली. “मुंबईचा एक माणूस नुसत्या थाळीसाठी आला होता. मी दारातूनच परत पाठवला.”

“काहून?”

“एकाचं काढून दुसऱ्यात घालायचं नाही. असे सेट जमवणारे पुष्कळ आहेत, तिनांचा एक करणारे. माझ्याकडचा प्रत्येक सेट अख्खा आहे. मरेन तेव्हा अख्खाच ठेवून मरेन.”

हे बोलताना तिचे डोळे असे चमकले की विश्वनाथला फ्यूज घ्यायचं भान राहिलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी कुहीच्या सेटमध्ये प्राण आला. आधी खरखर, मग भूपाळीचा सूर. देव वर, आवाज खाली. जिजाबाईंनी हात जोडले. शेजारपाजारच्या बाया गोळा झाल्या. त्यातल्या एकीने, नाव प्रेमिला, सहज म्हणून टाकलं, “पोरगी मोठी हुशार हाय वं जिजाबाई. पेटीच्या पायी दर आठ दिवसाले येते. सून झाली तं पेटी बी तिचीच होईन ना.”

हसण्यावारी गेलं. पण विश्वनाथ हसला नाही. स्टँडवर जाताना तो गप्प होता. लाखोळीच्या बांधावर तो थांबला आणि पायाने माती उकरत म्हणाला, “एक विचारू? तुमी... कोनासाठी येता इथं?”

अरुंधतीला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि ती आतून पेटली. तिने जीव टाकावा असा तो सेट होता हे खरं. पण त्यासाठी ती कुणाच्या गळ्यात पडेल? जिने तो साधा मागितलाही नव्हता, ती?

“ज्याला विचारावं लागतं,” ती म्हणाली, “त्याला सांगून उपयोग नाही.”

तिने बस पकडली आणि पुढचे दोन रविवार गेली नाही. तिच्या मनात दोन वाटा भांडत होत्या. जावं तर लोक म्हणतील पेटीसाठी आली, आणि तोही तसंच समजेल. न जावं तर... न जावं तर काय होतं ते तिला दुसऱ्या रविवारी दुपारी कळलं. चार-चार सेट समोर असून तिला एकही लावावासा वाटला नाही.

तिसऱ्या रविवारी अवकाळी पाऊस आला. मार्चच्या तोंडावर, ऊन असताना आभाळ भरून आलं आणि सडसडून कोसळलं. कुसुमताई वाळत घातलेल्या कुरडया आत ओढत होत्या, तोच दारात ट्रॅक्टर थांबला. मागच्या ट्रॉलीत ताडपत्री, ताडपत्रीखाली घोंगडी, घोंगडीखाली गादी, आणि गादीत गुंडाळलेला कुहीचा रेडिओग्राम. विश्वनाथ नखशिखांत भिजला होता. लाकडावर थेंब नव्हता.

गणपतराव आणि शेजारच्या तिघांनी मिळून पेटी आत घेतली. विश्वनाथ उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, अंगातून पाणी गळत होतं आणि त्याला आत ओल न्यायची नव्हती.

“हे काय?” अरुंधतीचा आवाज कोरडा होता. “मी मागितलं नव्हतं.”

“मालूम हाय. आईनं आपल्या हातानं देव उचलले. सुताराकडून सागवानी देवघर करून घेतलं.” त्याने ओल्या हाताने तोंडावरचं पाणी निपटलं. “आता पेटी तुमच्या घरी हाय. कुहीत तुमच्यासाठी काही राह्यलं नाही. आता नाही आल्या तरी माहा राग नाही. पन आता आल्या... तं मले समजन.”

अरुंधतीला सुचलं ते भलतंच. “आई पूजा कशी करतात आता?”

“करते कशीबशी. पुढचे देव तिच्या हाताले येते. मागचे मी शनिवारी काढून देतो, बाकी दिवशी मी पहाटेच वावरात असतो.”

एवढं बोलून तो गेला. माणसाने असं घर रिकामं करून द्यावं, पैज लावावी, आणि पैजेत हरायची तयारी ठेवून पावसात निघून जावं! कुसुमताई डोळे पुसत म्हणाल्या, पोरगा कप ठेवणाऱ्यातला नाही हो.

अरुंधती पेटीजवळ बसून राहिली. सहा वर्षं जिची वाट पाहिली ती पेटी समोर होती. तिने झाकण उघडलं. थाळीवर देवांच्या जागा उमटल्या होत्या, गोल-गोल, फिकट. खिळ्याला वाळलेली पाकळी चिकटली होती. आणि तिच्या डोळ्यांपुढे सारखे येत होते ते मागच्या रांगेतले देव, शनिवारची वाट बघणारे, आणि त्यांच्याकडे न पोचणारा एक आखडलेला हात.

दुसऱ्या दिवसापासून तिने फिरती थाळी शोधायला सुरुवात केली. सीताबर्डीवर नव्या थाळ्या मिळत होत्या, पत्र्याच्या. घरी आणून तिने एका कडेला पितळी तांब्या ठेवून पाहिला. थाळी एका बाजूला कलली. कुहीच्या पेटीची थाळी काढून परत द्यावी, हाही विचार झाला. पण जी पेटी सव्वीस वर्षं मुकी बसली, जिच्यावर अजून एक रेकॉर्ड वाजली नाही, तिचाच गळा पुन्हा कापायचा? ते तिला होईना.

गुरुवारी एक्स्चेंजमधून येऊन तिने चहा घेतला नाही. गणपतरावांची हत्यारांची पेटी काढली आणि आपल्या पहिल्या सेटसमोर मांडी घातली. गणपतराव दारात आले. तिने झाकण उचललं, पेचकस लावला, आणि पहिला स्क्रू सैल केला. गणपतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खाली बसून त्यांनी मुलीसाठी थाळी दोन्ही हातांनी तोलून धरली.

शुक्रवारी रजा टाकून ती कुहीला गेली. एकटी. मांडीवर शालीत गुंडाळलेली थाळी, पिशवीत तिचं बेअरिंग आणि वडिलांची हत्यारं. एवढा जड जिन्नस मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीकडे कंडक्टर दोनदा बघून गेला.

जिजाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. तिला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. अरुंधतीने हातपाय धुतले आणि सरळ देवघरासमोर बसली. सुताराने फळी चांगली जाड घातली होती. तिने मधोमध भोक पाडलं, बेअरिंगला तेलाचा थेंब दिला, थाळी बसवली. वर पाण्याची वाटी ठेवून पाहिली. पाणी एका अंगाला झुकलं, तिने खाली कागदाची घडी सारली, पुन्हा पाहिलं. पाणी स्थिर झालं तेव्हा तिने जिजाबाईंकडे पाहिलं.

जिजाबाईंनी पितळी तबक मांडलं, एकेक देव बसवला. मग डाव्या हाताचं बोट लावलं. थाळी आवाज न करता फिरली. सगळ्यात मागची कुलदेवी समोर आली, आणि जिजाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

कुणीतरी शेतावर निरोप दिला असावा. विश्वनाथ धावत आला तो पायांना लाखोळीचा पाला घेऊन. दारातच थबकला. त्याची नजर अरुंधतीवर, मग देवघरावर, मग तबकाखालून दिसणाऱ्या हिरव्या मखमलीवर, आणि कडेच्या नखाएवढ्या डागावर गेली. तो हळूहळू खाली बसला.

“हे तं... त्या पहिल्या सेटची.”

“हो.”

“तुमी म्हनत होत्या, एकाचं काढून...”

“म्हणत होते.”

पोस्टाच्या रांगेत जी मान वळायला तयार नव्हती, ती आता वळून त्याच्याकडे सरळ बघत होती. विश्वनाथ शेवटी शेतकरीच, त्याने जागेचं काढलं. धानाची एक कोठी रिकामी आहे म्हणाला. भिंती कोरड्या. ओल नाही. पाच सेट आरामात मावतील.

“उंदीर?” तिने विचारलं.

“हायत,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “पन मांजरी बी दोन हायत.”

ती हसली. तो मात्र अजून त्या डागाकडेच बघत होता.

“पन तो सेट आता अर्धा राह्यला,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “एवढे लोक पाहाले येते तुमच्याकडं. कोनी झाकन उघडलं, विचारलं... थाळी कुठं गेली याची. मंग काय सांगान?”

अरुंधतीने पेचकस शालीवर ठेवला, पदर सारखा केला आणि जिजाबाईंना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, इतका वेळ जपलेली शहरी मराठी सोडून, म्हणाली,

“सांगीन, याची थाळी माह्या सासूजवळ हाय.”